मदत हवी आहे : दिनेशचंद्र सेन आणि चंद्रकुमार दे

नमस्कार मंडळी. दिनेशचंद्र सेन (1866-1939) यांच्यावर मराठीत किंवा हिंदीत काही वाचायला मिळेल का? कुमिल्ल्याला शाळामास्तर असताना हा माणूस खेडोपाडी जुन्या पोथ्या गोळा करत हिंडला आणि 1896 मध्ये त्याने बंगाली भाषा-साहित्याचा इतिहास छापला. पुढे कलकत्ता विद्यापीठ, आणि 1923 मध्ये 'मैमनसिंह गीतिका', म्हणजे मैमनसिंह (आता बांगलादेशात) भागातल्या लोककथागीतांचा संग्रह. एवढं ढोबळ मला माहीत आहे.

माझं खरं कुतूहल मात्र चंद्रकुमार दे यांच्याबद्दल आहे. नेत्रकोना भागातला हा गरीब, फारसा न शिकलेला माणूस. मैमनसिंहच्या 'सौरभ' मासिकातला त्याचा लेख सेनांनी वाचला आणि विद्यापीठातर्फे त्याला गाणी गोळा करायच्या कामाला लावलं. त्या संग्रहातली महुआ, मलुआ या नायिकांची कथागीतं त्यानेच गावोगाव फिरून उतरवून घेतली. नाव झालं ते सेनांचं! (आपल्याकडेही ओव्या सांगणाऱ्या बायकांची नावं कितीशी छापली गेली म्हणा.)

ही गाणी जशीच्या तशी छापली की त्यांच्यावर हात फिरवला, यावर बराच वाद झाला. झेक अभ्यासक दुशान झ्बावितेल यांनी 1963 मध्ये त्यावर पुस्तकच लिहिलं. ते कुणाकडे आहे का? पुण्या-मुंबईतल्या कुठल्या ग्रंथालयात मिळेल? माझं बंगाली जेमतेम अक्षरं लावून वाचण्याइतकंच, त्यामुळे सेनांचं आत्मचरित्र कुणी मुळातून वाचलं असेल तर त्यात चंद्रकुमारांविषयी काय आहे तेवढं तरी सांगा.