‘विमेन ऑफ कलर’ला मराठीत काय म्हणावं?

दौतटाक
एका मासिकासाठी अनुवाद करते आहे. लेख अमेरिकेतला आहे, विषय ‘उच्च शिक्षणातील स्त्रिया’: तिथल्या विद्यापीठांत शिकलेल्या, शिकवणाऱ्या आणि विद्यापीठं चालवणाऱ्या ‘विमेन ऑफ कलर’च्या, म्हणजे गोऱ्या नसलेल्या स्त्रियांच्या, कर्तृत्वाचा गौरव. पहिल्याच ओळीत अडकले. कालपासून लिहून खोडलेले शब्द असे. ‘रंगीत स्त्रिया’ म्हटलं की टीव्ही आठवतो. ‘वर्णीय स्त्रिया’ म्हटलं की कानाला ‘सवर्ण’ ऐकू येतं, म्हणजे नेमका उलटा अर्थ. ‘कृष्णवर्णीय’ बरा वाटतो, पण लेखात जपानी आणि मेक्सिकन वंशाच्या बायकाही आहेत. ‘गौरेतर’ चालेल, पण कोरडा. संपादक खूश आहेत, म्हणतात, ‘गौरेतरांचा गौरव’ असा मथळा करा, यमक जुळतं. मला तो मथळा टोचतोय आणि का ते नीट सांगता येत नाही.

खडीसाखर
टोचतो कारण वाचणाऱ्याला वाटतं गौर म्हणजे गोरं, त्यातूनच गौरव आला असणार. तसं नाहीये. लघूचं लाघव, मृदूचं मार्दव, तसं गुरूचं गौरव. गुरू म्हणजे जड, वजनदार. गोऱ्या कातडीचा काही संबंध नाही. पण दोन शब्द शेजारी बसवले की व्युत्पत्ती बघायला कोण जातंय? ‘सन्मान’ लिहा, सुटाल.

भाकरतुकडा
अश्वेत?

खडीसाखर
हिंदी वर्तमानपत्रांतला आहे. मराठीत ‘श्वेत’ माणसाला लावत नाहीत हो, कमळाला नाहीतर पत्रिकेला लावतात.

उंबरठा
गेली वीस वर्षं न्यू जर्सीत आहे म्हणून थोडं सांगते. हा कातडीचा शब्द नाही, हा युतीचा शब्द आहे. ‘कलर्ड’ आणि ‘ऑफ कलर’ यांत मराठी कानाला काही फरक वाटत नाही, तिथे जमीन-अस्मानाचा आहे. ‘कलर्ड’ची पाटी अमेरिकेच्या दक्षिणेत काळ्यांसाठी वेगळ्या ठेवलेल्या पाण्याच्या नळांवर आणि आगगाडीच्या डब्यांवर असायची. एके काळी कृष्णवर्णीय बायकांनी तो स्वतःसाठी वापरलाही. १८९६ मध्ये त्यांची जी राष्ट्रीय संघटना झाली तिच्या नावात ‘कलर्ड विमेन’च आहे, पहिल्या अध्यक्ष मेरी चर्च टेरेल. आज कुणाला तसं म्हणालात तर अपमान होतो. दक्षिण आफ्रिकेत तर तो १९५० च्या कायद्याने ठरवलेला वेगळाच गट, तिकडे जाऊच नका.

‘विमेन ऑफ कलर’ आज ज्या अर्थाने वापरतात त्याची हकीकत तिथल्या कार्यकर्त्या लोरेटा रॉस सांगतात. १९७७ मध्ये ह्यूस्टनला राष्ट्रीय महिला परिषद भरली. कृष्णवर्णीय बायका आपला स्वतंत्र मसुदा घेऊन आल्या होत्या. इतर अल्पसंख्य बायका म्हणाल्या, आम्हालाही यात घ्या. मग मसुद्याचं नाव बदलणं आलं आणि हा शब्द ठरला. रॉस यांचा आग्रह असतो की ही राजकीय ओळख आहे, जन्माने चिकटलेली नव्हे. माझी मुलगी सरकारी फॉर्मवर ‘एशियन’ला खूण करते आणि कॉलेजात ‘विमेन ऑफ कलर’च्या गटात जाते. तिला यात काही विसंगती दिसत नाही. तिच्या आजीला दिसते. आजीच्या मते नात ‘चांगली गव्हाळ’ आहे.

खडीसाखर
आजी लग्नाच्या जाहिराती वाचत असणार! गोरी, निमगोरी, गव्हाळ, सावळी. काळी कुणीच नसते. विठोबा तेवढा सावळा चालतो, आरतीपुरता.

सोलापुरी चादर
‘इतर’ लावलेल्या शब्दाला कोरडा म्हणू नका. ‘ब्राह्मणेतर’ कुठे ओला होता? एरवी वेगवेगळ्या पंगतीत बसणारे मराठा, जैन, लिंगायत यांनी एका बाजूला उभं राहण्यासाठी घेतलेलं नाव ते. ह्यूस्टनला जे घडलं ते मराठी माणसाला समजायला सगळ्यात सोपं. म्हणून माझं मत गौरेतर. संधीही शुद्ध आहे. ‘गोरेतर’ लिहू नका, तेवढं बघा.

दौतटाक
काका, हे पटलं. पण गौरेतर म्हटलं की मोजपट्टी गोऱ्यांचीच राहते ना? आपल्याकडेही नुसत्या ‘इतर’वर भागलं नाही, ‘बहुजन’ शब्द रुजला.

सोलापुरी चादर
मग ‘बहुजन स्त्रिया’ लिहिणार का? तिथे त्या संख्येने थोड्या आणि शब्द म्हणतो बहु. शिवाय सोलापूरच्या वाचकाला वेगळ्याच बायका दिसतील.

भाकरतुकडा
भाषांतर कशाला? १९७२ ला पोरांनी ‘ब्लॅक पँथर’वरून ‘दलित पँथर’ केलं, तेव्हा कुणी ‘बिबट्या’ शोधत बसलं नव्हतं. ‘ब्लॅक’ म्हणा, ‘विमेन ऑफ कलर’ म्हणा, कळतं लोकांना.

उंबरठा
‘ब्लॅक’चं म्हणाल तर २०२० पासून अमेरिकेतल्या बऱ्याच वर्तमानपत्रांनी त्याचं पहिलं अक्षर मोठं काढायला सुरुवात केली, मानाची खूण म्हणून. देवनागरीत मोठं अक्षरच नाही. आपल्याला तो मान वाक्यातूनच द्यावा लागणार, ‘त्या म्हणाल्या’, ‘त्यांनी’ असा. अनुवादात ‘तिने पदवी घेतली’ लिहिलेलं बघते तेव्हा चिडचिड होते.

पाटीपेन्सिल
शब्दावर एवढी चर्चा झाली, बायका कोण आहेत ते कुणी विचारलंच नाही. दौतटाक, लेखात जून १९२१ आहे का?

दौतटाक
आहे! तिथेही एक शब्द अडलाय, ‘पहिली’. लेखात तीन ‘पहिल्या’ आहेत.

पाटीपेन्सिल
तीनही खऱ्या आहेत, म्हणून गंमत. पीएच.डी. मिळवणाऱ्या पहिल्या तीन कृष्णवर्णीय अमेरिकन स्त्रिया एकाच महिन्यातल्या. १४ जूनला जॉर्जियाना सिम्पसन, शिकागो विद्यापीठ, जर्मन भाषाशास्त्र. १५ जूनला सेडी टॅनर मॉसेल, पेनसिल्व्हेनिया विद्यापीठ, अर्थशास्त्र. २२ जूनला ईव्हा डाइक्स, रॅडक्लिफ कॉलेज, इंग्रजी. डाइक्स यांचं काम सगळ्यांच्या आधी पुरं झालं होतं, पण रॅडक्लिफचा समारंभ उशिरा. म्हणजे पदवी हातात पडलेली पहिली सिम्पसन आणि पात्र ठरलेली पहिली डाइक्स. मॉसेल तर अर्थशास्त्रात त्या समाजातली पहिली व्यक्ती, पुरुष धरूनही. मराठीत हे तिन्ही अर्थ वेगवेगळ्या शब्दांत सांगता येतात, तसे सांगा. नुसतं ‘पहिली महिला डॉक्टरेट’ लिहू नका.

आणि ‘उच्च शिक्षणातील स्त्रिया’ या शब्दांवरही जरा थांबा. सिम्पसन १९०७ मध्ये शिकागोच्या वसतिगृहात राहायला गेल्या तेव्हा काही गोऱ्या मुली घर सोडायला निघाल्या, आणि विद्यापीठाच्या अध्यक्षांनी शेवटी सिम्पसन यांनाच बाहेर काढलं. डॉक्टरेट मिळाल्यावरही त्या कित्येक वर्षं वॉशिंग्टनच्या एका हायस्कुलात शिकवत राहिल्या. ते एम स्ट्रीटचं हायस्कूल, पुढे डनबार. मॉसेल तिथल्याच विद्यार्थिनी. ॲना ज्युलिया कूपर तिथल्याच मुख्याध्यापिका. त्या गुलामीत जन्मलेल्या आणि १९२५ मध्ये, वयाच्या ६६ व्या वर्षी, पॅरिसला सोरबोनमध्ये डॉक्टरेट मिळवलेल्या. ज्यांना विद्यापीठांनी दार उघडलं नाही त्या सगळ्या एका शाळेत जमल्या होत्या. मॉसेल यांना तर प्राध्यापकी मिळेना, म्हणून डरॅममधल्या विमा कंपनीत आकडेमोडीचं काम धरलं. पुढे त्या कायदा शिकून वकील झाल्या. आता सांगा, यांना ‘उच्च शिक्षणातील’ म्हणायचं की ‘उच्चशिक्षित’? माझ्या मते दुसरा शब्द जास्त खरा, आणि जास्त बोचरा.

सोलापुरी चादर
वा. हे माहीत नव्हतं.

भाकरतुकडा
आपल्या आनंदीबाई जोशी यांत धरायच्या का?

पाटीपेन्सिल
शब्द नंतरचा आहे, मागे नेऊन चिकटवू नये. पण धागा खरा आहे. आनंदीबाई १८८६ ला ज्या फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय कॉलेजातून पदवी घेऊन बाहेर पडल्या, तिथूनच १८६७ मध्ये रिबेका कोल डॉक्टर झाल्या होत्या, अमेरिकेतल्या दुसऱ्या कृष्णवर्णीय स्त्री डॉक्टर. आनंदीबाईंचा तो साडीतला फोटो आहे ना, सीरियाच्या आणि जपानच्या विद्यार्थिनी शेजारी असलेला? आज अमेरिकेत तो फोटो ‘विमेन ऑफ कलर’ म्हणून हमखास लागतो. त्यांच्या प्रबंधाच्या शीर्षकात मात्र ‘आर्यन हिंदू’ असा शब्द आहे. त्यांनी स्वतःला कुठल्या पंगतीत बसवलं होतं ते त्यावरून कळतं.

उंबरठा
एक राहिलं. रूथ सिमन्स लेखात असतील तर ‘प्रेसिडेंट’चं काय करणार? टेक्सासमधल्या कुळाच्या घरातलं बारावं अपत्य, १९९५ ला स्मिथ कॉलेजच्या आणि २००१ ला ब्राऊन विद्यापीठाच्या प्रमुख. ‘अध्यक्ष’ लिहिलं तर क्रिकेट मंडळ वाटतं.

खडीसाखर
कुलगुरू. कुलपती नको, तो आपल्याकडे राज्यपाल असतो. ‘कुलगुरू’ला स्त्रीलिंगी शेपूट लावायला लागत नाही, आणि त्यात ‘गुरू’ आहे, म्हणजे गौरवही आला!

दौतटाक
सगळ्यांचे आभार. असं ठरवलंय. जिथे एकेकीबद्दल लिहायचंय तिथे तिचं नाव आणि ‘कृष्णवर्णीय’, ‘जपानी वंशाच्या’ असं नेमकं. जिथे सगळ्यांनी मिळून घेतलेलं नाव अभिप्रेत आहे तिथे एकदा ‘विमेन ऑफ कलर’ देवनागरीत, ह्यूस्टनची दोन वाक्यं, आणि पुढे ‘गौरेतर’. मथळ्यात यातलं काहीच नाही. मथळा ‘१९२१ च्या जूनमधल्या तीन डॉक्टर’ असा पाठवलाय. संपादकांचं उत्तर आलं: वैद्यकीय वाटतं, यमकही गेलं.

सोलापुरी चादर
‘तीन पीएच.डी.’ करा. यमकाचं राहू दे.

दौतटाक
केलं. ‘डाइक्स’ की ‘डायक्स’?

उंबरठा
डाइक्स.