इड सॉफ्टवेअरचे यश कशामुळे: इंजिनामुळे की विक्रीच्या पद्धतीमुळे?

प्रश्न (संगणकवेडा):

टेक्सासमधील इड सॉफ्टवेअर या कंपनीविषयी जे वाचायला मिळते, त्यात जॉन कारमॅक यांच्या प्रोग्रॅमिंगचे कौतुक इतके असते की बाकीचा इतिहास झाकोळून जातो. १९९१ मध्ये चौघांनी (जॉन कारमॅक, जॉन रोमेरो, टॉम हॉल आणि एड्रियन कारमॅक) स्थापन केलेली कंपनी पुढच्या दोन-तीन वर्षांत ‘वुल्फेनस्टाइन ३डी’ आणि ‘डूम’ हे बंदुकांच्या लढाईचे संगणकीय खेळ देते आणि १९९६ मध्ये ‘क्वेक’ पूर्ण होताच तिची मूळ मंडळी पांगतात, याचा उलगडा केवळ तांत्रिक हुशारीने होत नाही. यशात इंजिनाचा, म्हणजे खेळ पडद्यावर चालवणाऱ्या मूळ प्रोग्रॅमचा, वाटा किती आणि विक्रीच्या पद्धतीचा किती? आणि फूट नेमकी कशावरून पडली? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

प्रतिसाद १ (जुना प्रोग्रॅमर):

पहिल्या भागापुरते लिहितो. १९९० साली पीसीवर सरकत्या पार्श्वभूमीचा खेळ बनवणे ही डोकेदुखी होती, कारण प्रोसेसरला दर वेळी सगळा पडदा नव्याने रंगवावा लागे आणि तेवढी ताकद त्याच्यात नव्हती. लुइझियानातील सॉफ्टडिस्क या कंपनीत नोकरी करणाऱ्या कारमॅक यांनी यावर तोड काढली. ईजीए कार्डाच्या (पडद्यावर चित्र दाखवणाऱ्या तेव्हाच्या ग्राफिक्स कार्डाच्या) मेमरीत पडद्यापेक्षा थोडे मोठे, लहान चौकटींनी बनलेले चित्र ठेवायचे, कार्डाच्याच सोयीने ते सरकवायचे आणि एका चौकटीएवढे अंतर कापले गेले की ज्या चौकटी खरोखर बदलल्या असतील तेवढ्याच पुन्हा काढायच्या. निळ्या आकाशाच्या जागी निळेच आकाश येणार असेल, तर तिथे हात लावायचा नाही. सप्टेंबर १९९० मध्ये त्यांनी आणि टॉम हॉल यांनी एका रात्रीत ‘सुपर मारिओ ब्रदर्स ३’ची पहिली लेव्हल पीसीवर उभी केली, नायकाच्या जागी सहकारी जॉन रोमेरो यांच्या आधीच्या खेळातला नायक ‘डेंजरस डेव्ह’ बसवला आणि फ्लॉपी रोमेरोंच्या टेबलावर ठेवून दिली. ‘मारिओ’ची मालक कंपनी निन्टेन्डो हिने पुढे दाखवलेला डेमो नाकारला, कारण आपले खेळ आपल्याच यंत्रांवर चालावेत असे त्यांचे धोरण होते. पण तेच तंत्र डिसेंबर १९९० मधील ‘कमांडर कीन’ या त्यांच्या खेळाच्या कामी आले. इंजिन नसते तर पुढचे काहीच घडले नसते, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रतिसाद २ (निरीक्षक):

वरील तांत्रिक तपशील अचूक आहे. निष्कर्ष मात्र मला अर्धाच पटतो. ‘कीन’ला बाजार मिळाला तो अपॉजी कंपनीच्या स्कॉट मिलर यांच्यामुळे. रोमेरोंची सॉफ्टडिस्कच्या कार्यालयात येणारी टपाले उघडली जात असतील या शंकेने मिलर त्यांना निरनिराळ्या नावांनी चाहत्यांची पत्रे पाठवत असत आणि सगळ्या पत्रांवर पत्ता एकच आहे हे रोमेरोंच्या उशिरा लक्षात आले! मिलर यांची पद्धत साधी होती: पहिला भाग फुकट वाटायचा, आवडला तर उरलेले भाग टपालाने विकत घ्यायचे. दुकानदार आणि मोठे प्रकाशक दोघेही त्यातून वगळले जात.

१० डिसेंबर १९९३ रोजी विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या सर्व्हरवर ‘डूम’ चढवताना वाट पाहणाऱ्यांची एवढी गर्दी झाली होती की खुद्द कंपनीलाच आत शिरायला अडचण आली. या वेळी प्रकाशकही इडच होती. त्याहून महत्त्वाचा निर्णय मला वेगळाच वाटतो. खेळाचे नकाशे, चित्रे आणि आवाज त्यांनी मूळ प्रोग्रॅमपासून अलग करून डब्ल्यूएडी फाइलमध्ये ठेवले, जेणेकरून कुणालाही स्वतःच्या लेव्हल बनवता याव्यात. डिसेंबर १९९७ मध्ये तर सोर्स कोडही, म्हणजे खेळाचा मूळ प्रोग्रॅमही, खुला केला. आपल्या मालावर लोकांनी हात चालवावा, अशी मुभा त्या काळात फार थोड्या कंपन्या देत.

प्रश्नकर्त्याचा उपप्रश्न:

दोघांचेही आभार. पण मग एवढे सगळे जमून आले असताना माणसे का टिकली नाहीत?

प्रतिसाद ३ (रात्रपाळी):

फुटीची सुरुवात ‘क्वेक’च्याही आधी झाली होती. टॉम हॉल यांनी ‘डूम’साठी कथा, पात्रे आणि ठिकाणे यांचा मोठा आराखडा लिहिला होता, कारमॅक यांना कथेचे ओझे नको होते. आराखडा बाजूला पडला आणि १९९३ मध्येच हॉल बाहेर पडले. रोमेरोंच्या बाबतीत तेच वळण पुन्हा आले. ‘डूम’चे नकाशे मुळात सपाट असत, त्यांत एका खोलीवर दुसरी खोली येऊ शकत नसे, ‘क्वेक’मध्ये सगळी रचना खऱ्या त्रिमितीत करायची होती. मायक्रोसॉफ्टमधून आलेले मायकेल अॅब्रॅश सोबतीला असूनही ते इंजिन बरेच लांबले, आणि इंजिन तयार नसल्यामुळे खेळाची आखणी करणाऱ्यांचे काम वारंवार वाया गेले. रोमेरोंच्या मनात हातघाईच्या लढाईचा नवा प्रकार होता, परंतु १९९५ च्या अखेरीस थकलेल्या सहकाऱ्यांनी पुन्हा बंदुकांचाच खेळ करायचे ठरवले. जून १९९६ मध्ये ‘क्वेक’ आला आणि ऑगस्टमध्ये रोमेरो गेले.

त्यामुळे इंजिन की विक्री, या वादात मी असे म्हणेन की कंपनी इंजिनाभोवती बांधली गेली आणि माणसेही त्याच कारणाने दुरावली. पुढे तेच इंजिन परवान्यावर इतरांना दिले गेले. व्हॉल्व्ह या कंपनीचा १९९८ मधील ‘हाफ-लाइफ’ हा खेळ ‘क्वेक’च्याच इंजिनात फेरफार करून उभा राहिला. २००९ मध्ये झेनीमॅक्स या माध्यम कंपनीने इड विकत घेतली, २०१३ मध्ये कारमॅकही गेले. तरीही २०१६ मधील नवा ‘डूम’ चांगलाच गाजला, आणि तेव्हा चार संस्थापकांपैकी एकही कंपनीत नव्हता.