बर्फात भाड्याची गाडी : तुमचे अनुभव लिहा

गेल्या डिसेंबरात आम्ही चौघांनी म्युनिक विमानतळावर गाडी घेतली आणि ऑस्ट्रियातल्या त्सिलरटालला स्कीइंगला गेलो. स्कीइंगची तयारी सहा महिने चालली होती, गाडीची तयारी म्हणजे नुसतं बुकिंग. ऑस्ट्रियाच्या महामार्गासाठी लागणारा विन्येट, म्हणजे टोलचा पास, सीमेआधीच्या पंपावर आठवणीने घेतला. बर्फात घसरू नये म्हणून चाकांना बांधायच्या चेन मात्र आठवल्या मुक्कामाच्या शेवटच्या चढावर, चाकं जागच्या जागी फिरायला लागली तेव्हा. डिक्कीत होत्या, पण बांधता कोणालाच येत नव्हत्या. अंधार पडलेला, बोटं बधिर, मागच्या सीटवर धाकटी रडकुंडीला आलेली. वरून ट्रॅक्टर घेऊन उतरणाऱ्या एका आजोबांनी दहा मिनिटांत बांधून दिल्या. एक शब्द आम्हाला त्यांचा कळला नाही, पण तो माणूस मी विसरणार नाही.

यंदा पुन्हा जायचं आहे. हॉटेल आणि स्की-पासबद्दल खूप वाचायला मिळतं. इथे फक्त गाडी आणि रस्ता याबद्दल लिहा.

जिनिव्हा ते शामोनी
जिनिव्हा विमानतळाला दोन बाजू आहेत, स्विस आणि फ्रेंच. फ्रेंच बाजूची गाडी स्वस्त दिसली म्हणून तीच घेतली. काउंटरवर विचारलं तेव्हा कळलं की टायर उन्हाळी आहेत. फ्रान्सच्या डोंगराळ भागांत १ नोव्हेंबर ते ३१ मार्च हिवाळी टायर तरी हवेत किंवा चेन तरी. हा नियम २०२१ पासून आहे. चेनचे पैसे वेगळे भरले, शिवाय स्विस महामार्गासाठी ४० फ्रँकचा विन्येट. तो वर्षाचाच मिळतो, एका दिवसासाठी जा नाहीतर दहा. स्वस्ताई तिथेच संपली.

परतताना आणखी एक. फ्रेंच बाजूला गाडी द्यायला फ्रान्समधल्या फर्ने-व्होल्तेरकडून यावं लागतं. फोनने आम्हाला सरळ स्विस बाजूला नेलं. विमान मिळालं, पण कसं ते आम्हालाच माहीत. बुकिंग करताना बाजू कुठली आणि टायर कुठले, दोन्ही लेखी विचारून घ्या.

स्वित्झर्लंडमध्ये राहते, म्हणून
पाहुण्यांना दर हिवाळ्यात हेच सांगते: उन्हाळ्यातला नकाशा विसरा. फुर्कासारख्या उंच खिंडी बंद असतात. तिथे गाडीसकट रेल्वेत चढायचं, रेआल्पला चढून ओबरवाल्डला उतरायचं. गाडीतून उतरायचंही नाही, मुलांना फार आवडतं. झरमॅटला गाडी जातच नाही. टेशला लावून पुढे ट्रेन. आणि अरुंद घाटरस्त्यावर समोरून पिवळी पोस्टबस आली तर वाट तिची.

होक्काइदो
पुण्याच्या आरटीओतून काढलेला आंतरराष्ट्रीय परवाना (सोबत मूळ लायसन्स) जपानमध्ये चालला. डावीकडून चालवायचं असल्याने पहिल्या दिवसाची भीती निम्मी झाली. चितोसे विमानतळावर मिळालेल्या गाडीला हिवाळी टायर होतेच. निसेकोच्या वाटेवर रस्त्याच्या कडेला उंच खांबांवरून खाली रोखलेले लाल-पांढरे बाण दिसतात. त्यांचा अर्थ मला बर्फ उडायला लागल्यावर कळला: रस्त्याची कड कुठे संपते ते बाण सांगतात. पुढचे वीस मिनिटं मी फक्त बाण बघत गाडी नेली.

रात्री गाडी लावताना वायपर उभे करून ठेवा आणि हँडब्रेक ओढू नका, गोठतो. गिअर पार्कमध्ये पुरेसा आहे. बर्फात अडकून हीटर चालू ठेवावा लागला तर आधी सायलेन्सरभोवतीचा बर्फ काढा. धूर आत शिरून माणसं दगावतात. ही एक गोष्ट कृपया घरातल्या सगळ्यांना सांगा.

डेन्व्हर
अमेरिकेतल्या आय-७० महामार्गावर मॉरिसन ते डॉटसेरो या पट्ट्यात १ सप्टेंबर ते ३१ मेपर्यंत योग्य टायर किंवा चेन जवळ असणं बंधनकारक आहे. अडचण अशी की भाड्याच्या करारात बऱ्याचदा चेन लावायला मनाई असते. म्हणून आम्ही फोर-व्हील ड्राइव्हच घेतो आणि ताब्यात घेण्याआधी टायरची नक्षी ३/१६ इंच, म्हणजे जेमतेम ५ मिमी, आहे का ते बघतो. एकदा झिजलेले टायर दिसले, तिथेच गाडी बदलून मागितली. रविवारी दुपारी परतू नका. आयझेनहॉवर बोगद्याआधी अख्खं डेन्व्हर रांगेत असतं.

क्वीन्सटाउन (न्यूझीलंड), जुलै म्हणजे तिथला हिवाळा
भारतातलं इंग्रजी लायसन्स चाललं. क्राउन रेंजचा रस्ता १,०७६ मीटरपर्यंत चढतो. वरंधा घाट शेकडो वेळा चालवलेला असल्याने वळणांचं काही वाटलं नाही. मात्र सकाळी सावलीतल्या एका वळणावर डांबर ओलं दिसलं आणि गाडी अलगद घसरली. ते पाणी नव्हतं, काचेसारखा बर्फ होता. ब्रेक न दाबता खालच्या गिअरवर राहिलो म्हणून निभावलं. त्यानंतर दहा वाजण्याआधी निघालोच नाही.

चेनबद्दल, पहिल्या अनुभवावर
चेन इंजिनची ताकद जाते त्याच चाकांना बांधायची. आपली गाडी कुठली ते काउंटरवरच विचारा. ताशी ५० च्या वर जायचं नाही. आम्ही विमानतळाच्या पार्किंगमध्येच उजेडात बांधून बघितल्या. पहिल्यांदा पंचवीस मिनिटं लागली, दुसऱ्यांदा नऊ. रबरी हातमोजे आणि डोक्याला लावायचा टॉर्च घरून न्या.