गर्भवती बंदी, गर्दचे व्यसन आणि कारागृहातील एकटा डॉक्टर

मुळाकाठ (धागाकर्ता)

गर्दचे, म्हणजे ब्राऊन शुगर या हेरॉइनच्या प्रकाराचे, व्यसन असलेली गर्भवती स्त्री न्यायबंदी (खटल्याचा निकाल न लागलेली कैदी) म्हणून येरवड्याच्या महिला कारागृहात दाखल झाली, तर तिचे उपचार कोणी ठरवायचे, हा प्रश्न चर्चेला घेत आहे. माझे मत असे की हा भार कारागृहाच्या वैद्यकीय अधिकाऱ्यावर एकट्यावर टाकू नये. व्यसनोपचार जाणणारा मनोविकारतज्ज्ञ आणि प्रसूतितज्ज्ञ या दोघांचा सल्ला त्याला त्याच दिवशी मिळेल, अशी कायमची व्यवस्था हवी. पोटात बाळ आहे म्हणजे नशा तत्काळ बंद करावी, असे कोणालाही वाटेल. पण जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार अशा स्त्रीचे व्यसन एकदम तोडण्यापेक्षा तिला मेथाडोन किंवा ब्युप्रेनॉर्फिन या गर्दऐवजी देण्याच्या अफूजन्य औषधांवर स्थिर ठेवणे श्रेयस्कर आहे. गर्दच्या शेवटच्या मात्रेनंतर सहा ते बारा तासांत जांभया सुरू होतात, नाकाडोळ्यांतून पाणी वाहते, अंगावर काटा येतो, मग उलट्या, जुलाब आणि पोटात कळा. बॅरेकमधील महिला शिपायाला हे कडक डोहाळे वाटतात, नाहीतर नाटक. आणि त्या कळा विड्रॉवलच्या, म्हणजे नशा थांबल्याने होणाऱ्या त्रासाच्या, की अवेळी सुरू झालेल्या प्रसूतीच्या, हे तपासल्याशिवाय डॉक्टरलाही सांगता येत नाही.

कोथरूडकर

आपला हेतू चांगला आहे, परंतु कारागृह म्हणजे रुग्णालय नव्हे. बाहेर जे कोणाला जमले नाही, ते, म्हणजे नशेचा पुरवठा तोडणे, निदान आत तरी होते, आणि तेथेच सरकारी खर्चाने दुसरे अफूजन्य औषध सुरू करायचे, हे सामान्य करदात्याला पटवून देणे अवघड आहे. ब्युप्रेनॉर्फिनची इंजेक्शने आपल्याच देशात नशेसाठी वापरली गेली आहेत, हे विसरू नये. शिवाय तज्ज्ञाकडे न्यायचे म्हणजे पोलीस बंदोबस्त आला. ऑक्टोबर २०२३ मध्ये ससूनमध्ये उपचार घेणारा अमली पदार्थांच्या प्रकरणातील कैदी पळून गेला आणि त्यानंतर सारे पुणे महिनाभर त्याचीच चर्चा करीत होते. अशा वेळी कोणता अधिकारी स्वतःच्या सहीने बंदी बाहेर पाठवील?

प्रसूतीकक्ष

कोथरूडकर, आपली शेवटची हरकत खरी आहे, आणि म्हणूनच बंदीला तज्ज्ञाकडे नेण्यापेक्षा तज्ज्ञाचा सल्ला आत आणावा, असे मी म्हणेन. पहिल्या हरकतीबाबत मात्र वैद्यकीय वस्तुस्थिती वेगळी आहे. पुरवठा तुटला म्हणजे व्यसन सुटले असे होत नाही. शरीराची सहनशक्ती तेवढी उतरते आणि सुटल्यावर जुनीच मात्रा जिवावर बेतते. अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात सुटलेल्या कैद्यांची नोंद तपासून २००७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, सुटकेनंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत अतिमात्रेने मरण्याचा धोका सर्वसाधारण लोकांच्या १२९ पट आढळला. राहिली गैरवापराची भीती. ब्युप्रेनॉर्फिनची गोळी जिभेखाली विरघळायची असते. ती कुटून द्यावी, समोर बसवून ठेवावे, तोंड उघडून पाहावे, मगच उठू द्यावे. न्यूयॉर्कच्या रायकर्स बेटावरील तुरुंगात मेथाडोन १९८७ पासून दिले जाते आणि आपल्या तिहारमध्येही ब्युप्रेनॉर्फिनचे उपचार झाले आहेत, तेव्हा कारागृहात हे अशक्य आहे असे म्हणता येणार नाही.

बाळाला जन्मल्यावर थरथर, किंचाळून रडणे, नीट न पिणे असा त्रास होऊ शकतो, हे लपविण्यात अर्थ नाही. पण तो अपेक्षित असतो आणि त्यावर उपचार आहेत. गर्भवतींमध्ये या दोन औषधांची तुलना करणाऱ्या, २०१० साली प्रसिद्ध झालेल्या मदर चाचणीत ब्युप्रेनॉर्फिन घेणाऱ्या मातांच्या बाळांचा रुग्णालयातील मुक्काम सरासरी १० दिवसांचा, तर मेथाडोनच्या गटात १७.५ दिवसांचा होता. तरीही प्रत्येकीला ब्युप्रेनॉर्फिनच द्यावे असे नाही, कारण ते घाईने, विड्रॉवल सुरू होण्याआधी दिले, तर त्रास उलट उफाळून येतो. तज्ज्ञ लागतो तो येथे.

बाणेर_रोड

पुण्यात सध्या ऐकू येते ते एमडी, म्हणजे मेफेड्रोन. त्यावर यांतले एकही औषध चालत नाही. मुळात प्रश्नच चुकीच्या पदार्थाचा निवडला आहे.

प्रसूतीकक्ष

एमडी अफूजन्य नाही, हे बरोबर. परंतु दाखल होणारी स्त्री काय काय घेत होती, हे तिच्या कपाळावर लिहिलेले नसते. ती झोपेच्या गोळ्याही घेत असेल आणि त्या अचानक थांबल्या, तर तिला झटके येतात. गरोदर स्त्रीला झटका आला की आम्ही आधी रक्तदाब पाहतो, कारण एक्लॅम्प्शिया, म्हणजे गरोदरपणातील वाढलेल्या रक्तदाबाने येणारा झटका, हाही तसाच दिसतो, आणि दोहोंचे उपचार वेगळे आहेत.

शिवाजीनगर_कोर्ट

मला दोन्ही बाजू अपुऱ्या वाटतात. एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविषयक, कायद्याच्या कलम ६४अ नुसार स्वेच्छेने उपचार घेणाऱ्या व्यसनी आरोपीला अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात खटल्यापासून सूट मिळू शकते आणि कलम ३९ नुसार न्यायालय दोषी व्यक्तीलाही उपचारासाठी सोडू शकते. हेरॉइनचे अल्प प्रमाण म्हणजे ५ ग्रॅमपर्यंत. गर्भवतीला कारागृहात पाठविण्यापूर्वी तेथे प्रसूतीच्या किमान सोयी आहेत याची खात्री करावी, असे सर्वोच्च न्यायालयाने आर. डी. उपाध्याय प्रकरणात २००६ सालीच बजावले आहे. तज्ज्ञ आत नेण्यापेक्षा बाईला बाहेर काढावे.

मुळाकाठ (धागाकर्ता)

वकीलसाहेब, ती बाहेर आली तर उत्तमच. पण चोरीच्या गुन्ह्यात पकडलेल्या आणि जामीनदार न मिळालेल्या बाईला आपली कलमे उपयोगी पडत नाहीत, आणि जामिनाची तारीख विड्रॉवलसाठी थांबत नाही. कायद्याने वाट ठेवलेली आहे. मानसिक आरोग्य कायदा, २०१७ च्या व्याख्येत मद्य व अमली पदार्थांशी निगडित मानसिक अवस्था येतात, आणि कलम १०३ नुसार प्रत्येक राज्यात किमान एका कारागृहाच्या वैद्यकीय विभागात मानसिक आरोग्य आस्थापना उभारणे शासनावर बंधनकारक आहे. टेलिमेडिसिनच्या २०२० च्या नियमांनुसार एनडीपीएसमधील औषध फोनवरून लिहून देता येत नाही, परंतु डॉक्टरने डॉक्टरला सल्ला देण्यास मुभा आहे. रुग्णाची जबाबदारी समोरच्या डॉक्टरचीच राहते. येरवड्यातच मनोरुग्णालय आहे, १९८६ पासून मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र आहे आणि महिलांसाठी त्यांचा निशिगंध विभागही आहे. माणसे जवळच आहेत, केवळ कोणी कोणाला फोन करायचा हे कागदावर नाही.

कोथरूडकर

सल्ला आत आणण्यास माझी हरकत नाही. गोळ्यांची नोंदवही मात्र दोन सह्यांची असावी, एक डॉक्टरची आणि एक तुरुंगाधिकाऱ्याची. आणि ज्या दिवशी तिला जामीन मिळेल, त्या संध्याकाळची गोळी तिला कोणत्या केंद्रात मिळणार, हे आपल्यापैकी अद्याप कोणीही सांगितलेले नाही.