शरबत का सरबत

आत्या (वरूड): नातवानं उन्हाळ्यावर निबंध लिहिला, त्यात एक वाक्य होतं "माझी आजी अंबाडीचं शरबत करते". बाईनं लाल पेनानं गोल केला अन् वर सरबत लिहून देल्लं, एक मार्क कापला. पोट्टं घरी येऊन म्हनते आजी तू चुकीचं बोलते. मले लय वाईट वाटलं हो, जलमभर शरबतच म्हनलं आपन

काकू (मोर्शी): पन पुस्तकात सरबतच हाय ना ताई

नाना: पुस्तकातलं सरबत बरोबरच आहे, पण आपलं शरबत चूक नाही. मूळ शब्द अरबी. शरिब म्हणजे पिणे, फारसीत शर्बत झाला, तिथून आपल्याकडे आला अन् मराठीत श चा स होऊन सरबत रुळलं. आपला वऱ्हाड अचलपूरची इमादशाही, मग मोगल, मग निजाम, हिंदी-उर्दू रोजच कानावर, म्हणून इकडे श टिकला असं मला वाटतं. म्हणजे पोराचा शब्द उलट मुळाच्या जवळ आहे. मार्क कापायला नको होता

दादा (पुणे): नाना शराब पण त्यातलंच का?

नाना: तेच मूळ. अरबीत शराब म्हणजे नुसतं पेय. लॅटिनमधून युरोपात गेला तोच शब्द, सिरप झाला, आपल्या खोकल्याच्या बाटलीवरचा. अन् आपलं पन्हं संस्कृत पानकवरून, पा म्हणजे पिणे. दोन्ही शब्दांचा अर्थ एकच, प्यायची वस्तू, कैरीची असो की गुलाबाची

ताई: मागच्या वर्षी मैत्रिणीनं लंडनहून शरबत लिहिलेलं पाकीट आणलं होतं, आत पांढरी पूड. मी पाहुण्यांसाठी जगमध्ये पाणी भरलं अन् सगळी एकदम टाकली तर फस्सकन फेस, ओटाभर सांडलं, पाहुणे बसलेलेच. नंतर कळलं तिकडे ती बोटानं चाटून खातात

दादा: त्यात साखर, सायट्रिक किंवा टार्टारिक ॲसिड आणि खायचा सोडा असतो. ओलं झालं की ॲसिड-सोड्याचा गॅस होतो, जिभेवर तेच फसफसतं. पण तू काही चुकीचं नाही केलं, पूर्वी तिकडे ती पूड पाण्यात ढवळूनच प्यायचे, नुसती खायची पद्धत नंतरची. आणि अमेरिकेत त्याच नावाचं चक्क गारेगार मिळतं, आइस्क्रीमसारखं पण दूध अगदी कमी, १ ते २ टक्केच फॅट

नाना: अन् तुर्कस्तानात मूल झालं की लवंग-दालचिनीचं लाल शरबत करतात, बाळंतिणीला पण अन् बघायला येणाऱ्यालाही

आत्या: आपल्या इकडं बी शरबत कोनाले नाई म्हनत नाई. १४ एप्रिलले विहारापुढं ड्रम भरून ठेवतेत, मोहरमात सवारीपुढं वाटतेत, मे मधी वरात आली की पह्यले शरबताचा गिलास मंग बाकीचं. ४५ डिग्रीत दारी आलेल्याले तेच देतेत ना बापा, तो शब्द चुकीचा कसा

काकू: खरं हाय ताई. मी लगन होऊन आली तवा तुमच्या मायनं पह्यले शरबतच देल्लं होतं मले, संत्र्याचं

ताई: आत्या अंबाडीचं प्रमाण सांग ना, माझं फिकं होते

आत्या: वाळलेली फुलं मूठभर, हिवाळ्यात तोडून सावलीतच वाळवायची, उन्हात रंग जाते. दोन गिलास पान्यात रातभर भिजू दे, सकाळी एक उकळी, गाळून घे. गरम असतानाच गूळ टाक, थंड झाल्यावर चिमूटभर काळं मीठ अन् जिऱ्याची पूड. फिकं होते म्हंजे तू भिजवत नाई, सरळ उकळते

ताई: हो सरळच उकळते 🙏

नाना: मी उद्या वहीत बाईंना चिठ्ठी लिहितो, नीट नम्रपणे, दोन्ही रूपं का चालतात ते. मार्काचं काही नाही, पण पोराला वाटायला नको की आजीची भाषा चुकीची

आत्या: लिहा नाना. अन् बाईले म्हना घरी या एकदा, आतापासूनच फुलं भिजू घालते