प्रतिसाद : जाडजूड पुस्तक आधी नको

दहावीनंतर बारा वर्षांनी पुन्हा त्रिकोणमिती करायची, तर पुस्तक कोणतं घ्यावं असं तुम्ही विचारलंय. वर दोघांनी थेट जेईईची पुस्तकं सुचवलीत. माझं मत उलट आहे. ठाणे स्टेशनजवळून मीही हौसेने असे दोन ठोकळे आणले होते, त्यातला एक अजून कोरा आहे.

बालभारतीचं अकरावीचं गणित, भाग १ घ्या. पीडीएफ फुकट मिळते. कोनमापन आणि त्यानंतरची त्रिकोणमितीची दोन प्रकरणं क्रमाने करा. सराव कमी वाटला तर एनसीईआरटीच्या अकरावीचं तिसरं प्रकरण. व्हिडिओ अडेल तिथेच बघा. नुसतं बघून सगळं कळल्यासारखं वाटतं आणि वही कोरीच राहते.

मी अडकलो ते एकक वर्तुळापाशी. दहावीत साइन म्हणजे समोरची बाजू भागिले कर्ण, मग १५० अंशांचा साइन कुठून येणार? ऐरोलीहून ठाण्याला येताना लोकलमध्ये पाठकोऱ्या कागदावर वर्तुळ काढलं, त्रिज्या १. कोन फिरवत गेलो तर वर्तुळावरच्या बिंदूची उंची म्हणजेच साइन! ३० आणि १५० अंशांना उंची सारखीच, अर्धा. ‘साइन बरोबर अर्धा’ अशा समीकरणाला दोन उत्तरं का येतात, ते तिथे उमगलं. जिओजेब्रा या गणिताच्या अ‍ॅपवर हेच बोटाने फिरवून बघता येतं.

आणि हो, कॅल्क्युलेटर अंशांऐवजी रेडियनवर (कोन मोजायचं दुसरं एकक) नाही ना ते बघा. साइन ३० चं उत्तर उणे ०.९८८ आलं म्हणून मी अख्खी संध्याकाळ सूत्रं तपासत बसलो होतो.