दहिवडीची जिप्सी अंजनवेलला न्यायची आहे, खाऱ्या हवेसाठी आधी काय काय करून घेऊ?

माणदेशी_जिप्सी

नमस्कार मंडळी. माझ्याकडे २००३ ची जिप्सी किंग आहे, १३०० सीसी एमपीएफआय (म्हणजे कार्बोरेटर नाही, इंजेक्शनवाली), सॉफ्ट टॉप, एमएच ११ पासिंग. गाडीचं सगळं आयुष्य दहिवडी-म्हसवड पट्ट्यात गेलंय, म्हणजे पाऊस वर्षाला पाचशे मिमीच्या आतबाहेर आणि तोही आला तर, त्यामुळे इंजिनची थोडी कुरकुर असली तरी पत्रा लय भारी राहिलाय राव, खालून बघितलं तर धूळ आहे पण गंज म्हणाल तर वरवरचा.

आता बायकोची बदली दाभोळला झालीय आणि सासऱ्यांचं घर अंजनवेलला रिकामंच आहे, तर मे अखेर आम्ही तिकडे शिफ्ट होतोय. समुद्र घरातून ऐकू येतो इतका जवळ. ती रोज फेरीबोटीने खाडीपलीकडे जाईल आणि मीपण आठवड्यातून दोनदा गाडी घालून धोपावे-दाभोळ करणार.

इथल्या डेंटिंगवाल्याचं म्हणणं आहे की खालून पूर्ण काळं अंडरकोटिंग मारून टाका जाड, दहा वर्षं बघायला नको. मारू का? आणि अजून काय करून घ्यायला पाहिजे, हाताशी दीड महिना आहे. बजेट बेताचं आहे, तेवढं लक्षात ठेवून सांगा.

खाडीकाठ

काळं अजिबात मारू नका. निदान आत्ता, आहे त्या धुळीवर तर नाहीच.

माझी आधीची जिप्सी अशीच वरून, घाटावरून आणलेली. एका गॅरेजमध्ये खालून जाड कोटिंग मारून घेतलं, इतकी काळी कुळकुळीत दिसायची की लोक वाकून बघायचे. चौथ्या पावसाळ्यात शृंगारतळीच्या पुढे पंक्चर झाली. जॅक चेसिसला (गाडीचा खालचा लोखंडी सांगाडा) लावला, हँडल फिरवतोय, जॅक वर जातोय पण चाक काही उठेना. वाकून बघतो तर जॅकचं डोकं काळ्या थरासकट आत चाललेलं, रबरी चेंडूत बोट खुपसावं तसं, आणि मग कर्रकन आवाज आला आणि आतून ओला तपकिरी भुगा पडला, चहा गाळल्यावर गाळणीत राहतो ना तसला. कोटिंग शाबूत, पत्रा गायब.

कारण सोपं आहे. जिप्सीची चेसिस पेटीसारखी पोकळ आहे, ती आतून सडते, बाहेरून मारलेलं आतल्या गंजाचं काहीच वाकडं करत नाही. उलट गॅरेजवाले घाईत पाणी निघायची भोकंपण त्याच काळ्याने बुजवतात. तुम्ही आता तीन हजार मिमीच्या वर पाऊस पडतो तिथे येताय, गाडीत पाणी शिरणारच, ते अडवायच्या मागे लागू नका, शिरलेलं कुठून बाहेर पडेल ते बघा. माझं सगळं म्हणणं एवढंच आहे, बाकी सगळं त्यातनंच येतं.

तुमच्याकडे एक गोष्ट आहे जी आम्हाला पैसे देऊन मिळत नाही, दहिवडीचं एप्रिल-मेचं ऊन. सगळं काम तिकडेच उरका. मॅट, फोम, सीटं सगळं बाहेर काढा, फ्लोअरची रबरी बुचं काढा, चेसिसच्या प्रत्येक भोकात तार घाला, दरवाजांच्या खालच्या कडेला पाणी निघायच्या चिरा असतात त्यातपण घाला, मग प्रेशरने आतून-बाहेरून धुवा आणि दोन-तीन दिवस उन्हात उघडी ठेवा. पेट्रोल टाकीच्या खाली गार्ड असेल तर तो काढूनच धुवा, त्या फटीत अख्खं शेत असतं.

सुकली की स्क्रूड्रायव्हर आणि छोटी हातोडी घेऊन खाली झोपा. चेसिस ठोकत जायचं, टणटण वाजलं तर ठीक, भदभद वाजलं तर तिथे खुणा करा. विशेष करून मागच्या कमानपाट्यांची शॅकल (पाट्यांचं टोक चेसिसला जोडणारी कडी) जिथे बसते तो भाग, बॉडी माउंटच्या, म्हणजे बॉडी चेसिसवर बसते त्या जागा आणि समोरच्या काचेच्या फ्रेमचे खालचे कोपरे. जिथे गंज आहे तिथे वायर ब्रश, मग रस्ट कन्व्हर्टर (हा गंजावरच लावायचा, कोऱ्या पत्र्यावर लावून उपयोग नाही), मग इपॉक्सी प्रायमर, मग साधा रंग. जोडांना सीलर. आणि चेसिसच्या पोकळीत कॅव्हिटी वॅक्स (आतून मारायचं, गंज रोखणारं मेण), लांब नळीचा नोझल मिळतो, तो आत सरकवत सरकवत मारायचा. मारून झाल्यावर भोकं परत तारेने मोकळी करा, हे लोक विसरतातच.

हां, चेसिसवर ठोकलेला नंबर. त्याच्यावर ना ग्राइंडर फिरवू द्यायचा ना जाड रंग. नुसतं ग्रीस लावून ठेवा. तुमची पासिंग २०२८ ला येईल ना परत, तेव्हा आरटीओत तो नंबर वाचता आला नाही तर काय होतं ते मी बघितलंय, दुसऱ्याच्या गाडीचं सुदैवाने.

जुना_जीपवाला

एवढं काही लागत नाही. माझ्या वडिलांची जीप तीस वर्षं हर्णैला होती, दरवर्षी मे महिन्यात जळकं ऑइल आणि डिझेल मिक्स करून खालून फवारायचे, बस्स. वॅक्स-बिक्स सगळे पैशांचे खेळ.

खाडीकाठ

काका, तेलाने गंज थांबतो हे खरंच आहे, नाही म्हणत नाही. पण ते रबराला खातं, जिप्सीचे कमानपाट्यांचे बुश आणि बॉडी माउंट सगळे रबरी आहेत, आणि दुसरं म्हणजे ते थेंब थेंब अंगणात गळतं. आमच्याकडे अंगणातच विहीर. तुमच्या जीपचा पत्रापण आजच्यापेक्षा जाड होता हो, त्याचं श्रेय तेलाला देऊ नका :)

बोटवाला_वायरमन

पत्र्याचं वर आलंच आहे, मी फक्त वायरिंगचं सांगतो कारण मच्छीमार बोटींची वायरिंग करण्यात माझी पंधरा वर्षं गेली. खाऱ्या हवेत गाडी बंद पडते ती गंजाने नाही, अर्थिंगने, म्हणजे बॅटरीच्या निगेटिव्हकडे परत जाणारी जोडणी खराब होऊन. लाइट मंद, हॉर्न कधी वाजतो कधी नाही, स्टार्टर नुसता टक टक करतो, आणि माणूस बॅटरी बदलतो. बॅटरी बदलून काही होत नाही मग अल्टरनेटर उघडतो.

इंजिन ते चेसिस, चेसिस ते बॉडी, बॅटरी निगेटिव्ह, जेवढ्या अर्थ वायरी आहेत त्या सगळ्या खोला. खालचा पत्रा पॉलिश पेपरने चकचकीत करा, वायर घट्ट बसवा आणि मग वरून ग्रीस नाहीतर रंग. उलटं करू नका, रंगावर अर्थ कसून ठेवलेली मी बघितली आहे. वायरचं टोक हिरवं झालं असेल तर नुसतं टोक कापून भागत नाही, हिरवेपणा इन्सुलेशनच्या आत चढत जातो, लाल तांबं दिसेपर्यंत मागे कापायचं आणि मग नवीन लग (वायरच्या टोकाला बसतो तो धातूचा कान). जिथे नवीन वायर टाकाल तिथे बोटीला वापरतात ती कथलाचा मुलामा दिलेली घ्या, थोडी महाग पडते पण टिकते. कपलर (वायरींचे जोड) सगळे उघडून, साफ करून, पेट्रोलियम जेली अगदी हलका हात लावून परत बंद. एमपीएफआय आहे तर ईसीयूचा (इंजिनच्या कॉम्प्युटरचा) कपलरपण, पण आधी बॅटरीची वायर काढून.

स्प्रे मारून काम झालं असं समजू नका, स्प्रे पंधरा दिवसांत उडून जातो.

माणदेशी_जिप्सी

आभार सगळ्यांचे. काळं कॅन्सल केलं, डेंटिंगवाला नाराज झाला.

रविवारी मॅट काढली. ड्रायव्हरच्या पायाखाली मॅटच्या आत फोम आहे तो उचलला तर खालून ओला लागला, आणि दहिवडीत गेल्या चार महिन्यांत थेंब नाही पाऊस! नंतर ट्यूब पेटली, पोरगा पाण्याची बाटली तिथेच टाकतो. त्या फोमखाली दोन भोकं, करंगळी जाईल एवढी. बाकी फ्लोअर ठीक. चेसिसमध्ये कॉम्प्रेसरची हवा मारली तर मागच्या भोकातनं मातीची ढेपळं यायला लागली, वाळलेली, हातात घेतली की गुळाच्या ढेपेसारखी फुटायची, घमेलं भरलं अर्धं. शेवटी त्यात एक बोराची बी आणि एक स्पार्क प्लगचं वायसर निघालं.

आता विचारायचं होतं की भोकावर वरून पत्रा ठेवून वेल्डिंग मारलं तर चालेल का, आणि पेट्रोलचं काय, इथेनॉलमुळे जुन्या गाड्यांना त्रास होतो म्हणतात.

मालवणची_ताई

वरून पत्रा ठेवला की दोन पत्र्यांच्या मध्ये पाणी बसणार आणि वर्षात तिथेच परत भोक. कुजलेलं कापून तेवढ्याच मापाचा तुकडा बसवायला सांगा, कडेला कड. आणि तो फोम परत टाकूच नका, साधी रबरी मॅट टाका जी उचलून झटकता येते. आमची जिप्सी होमस्टेला आहे, ती वर्षानुवर्षं बिनमॅटची आहे, होजपाइप सरळ आत मारते मी.

पेट्रोल आता सगळीकडे २० टक्के इथेनॉलचं आहे आणि इथेनॉल हवेतली वाफ ओढतं, टाकी अर्धी ठेवून पावसाळ्यात महिनाभर गाडी उभी केलीत तर पाणी तळाला बसतं आणि तुमची टाकी लोखंडी आहे. त्यामुळे एक तर चालवत राहा, नाहीतर भरून ठेवा. २००३ च्या रबरी पेट्रोल नळ्या असतील तर त्या आत्ताच बदला, इथेनॉलला चालतात म्हणून सांगून घ्या, फिल्टरपण.

खरं सांगू का, मला विचाराल तर गंजापेक्षा जास्त गाड्या उभ्या राहून मरतात. पावसाळ्यात हँडब्रेक ओढून पंधरा दिवस उभी केली की मागचे ब्रेक लायनर ड्रमला चिकटतात, मग गाडी हलतच नाही आणि लोक पुढे-मागे झटके देऊन काहीतरी मोडून घेतात. गिअरमध्ये ठेवायची आणि चाकाला दगड. आठवड्यातून एकदा निदान बाजारापर्यंत, आणि महिन्यातून एकदा चिखलाच्या वाटेवर फोर व्हील टाकून थोडी चालवा म्हणजे पुढच्या अॅक्सलला आणि ट्रान्सफर केसला (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटून देणारी पेटी) तेल फिरतं. ब्रेक ऑइल दोन वर्षांनी बदला, तेपण पाणी ओढतं. पावसाळा संपला की अॅक्सलच्या हाऊसिंगचं तेल थोडं काढून बघायचं, दुधाच्या चहासारखं दिसलं तर पाणी गेलंय.

प्लास्टिकचं कव्हर घालू नका, आत घाम सुटतो. वर पत्रा आणि चारी बाजू मोकळ्या अशी शेड बरी. हूडला (कापडी टपाला) बुरशी येणार, ओला असताना गुंडाळून ठेवायचा नाही एवढंच. आणि उंदीर. त्याला माझ्याकडे उत्तर नाही, मांजर पाळा.

खाडीकाठ

ताईंनी सगळं सांगितलं, दोन गोष्टी राहिल्या.

मीठ खरं बसतं ते ऑक्टोबर ते मे, पावसात तर आपोआप धुतलं जातं. आणि बसतं तिथे, जिथे पाऊसपण पोचत नाही, चाकांच्या कमानीत आत, टाकीच्या वरच्या बाजूला. पावसाळ्यात मिठाच्या बरणीला पाणी सुटतं ना, तसंच त्या पत्र्यावर बारा महिने चालू असतं. म्हणून सुक्या दिवसांत आठवड्याला एकदा खालून गोडं पाणी मारा. गोडं म्हणजे गोडंच, अंजनवेलला किनाऱ्याजवळच्या काही विहिरी उन्हाळ्यात मचूळ होतात, आधी चाखून बघा, नाहीतर तुम्ही मिठानेच मीठ धुताय. आणि पुळणीवर गाडी घालायची हौस असेल तर ती दहिवडीलाच ठेवून या.

दुसरं, उघडायचे ते सगळे नट-बोल्ट आत्ता उघडा जोवर उघडतायत. शॅकलचे, बॉडी माउंटचे, कॅलिपरच्या पिना, ब्रेक ब्लीड करायचे (आतली हवा काढायचे) निपल. एकेक काढायचा, ग्रीस लावायचं, परत बसवायचा. इकडे तीन वर्षांनी तोच बोल्ट गॅसने कापावा लागतो. कंटाळवाणं काम आहे, पोराला घ्या मदतीला, बाटलीची शिक्षा म्हणून.

माणदेशी_जिप्सी

पोरगं लागलंय कामाला. बॉडी माउंटचे बोल्ट सगळे निघाले, फक्त एक मोडला. वॅक्स सातारला मिळालं. २८ मे ला कुंभार्ली घाटातून उतरतोय, पावसाआधी.

ताई, हँडब्रेक आजपासून बंद.

मालवणची_ताई

अहो फेरीवर ओढा! नाहीतर जिप्सी दाभोळच्या खाडीत जाईल.